दोन लाल ओळी

वैशाखात तलावाचं पाणी कमरेवर आलं तेव्हा गावच्या मच्छीमार संस्थेनं त्या सालातलं शेवटचं जाळं ओढलं. माणसं मांडीपर्यंत चिखलात रुतून महाजाळ पाळीकडे, तलावाच्या बांधाकडे, आणत होती आणि काठावर बायका टोपली घेऊन उभ्या होत्या. जाळ्याला बाईनं हात लावायचा नाही, ही त्या गावच्या ढिवरांची जुनी रीत. मासा जमिनीवर पडला की मग तो बायकांचा. निवडायचा त्यांनी, धुवायचा त्यांनी, डोक्यावर घेऊन चिमूरच्या बाजारात ओरडायचंही त्यांनीच. रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती पुरुषांच्या सोयीची होती एवढं खरं.

वाटे घालायचं काम रामाजीचं. तो संस्थेचा अध्यक्ष होता, पण हे काम त्याच्याकडे त्याहून जुनं होतं; त्याच्या हाताला माशाचं वजन कळतं असं सगळे मानत. पिंपळाखाली ढीग मांडायचे आणि एकेकाचं नाव घ्यायचं. "कोलू," म्हटलं की कोलू आपला ढीग उचली. "इतवारी," म्हटलं की त्याची बायको कांता पुढे येई. इतवारी मरून किती पावसाळे झाले ते आता कांतालाही पटकन सांगता येत नसे, पण त्याचा वाटा निघत होता. मग रामाजी घसा साफ करी आणि जरा हळू म्हणे, "प्रवीण." आणि रंजीता डोक्यावरचा पदर सारखा करून ढिगाशी बसे.

प्रवीण रामाजीचा एकुलता एक मुलगा, रंजीताचा नवरा. डोंग्यात उभा राहून जाळं सोडवत होता आणि वीज पडली. मागे राहिली रंजीता आणि शाळेत जाणारी पोर, पुनम. मेलेल्या माणसाचं नाव त्याचा पोरगा जाळं धरीपर्यंत संस्थेतून काढायचं नाही, आणि पोरगा नसला तर त्याची बाई जिवंत आहे तोवर काढायचं नाही, असं त्या गावात चालत आलं होतं. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरज कोणाला पडली नव्हती.

त्या दिवशी वाटे उचलून झाले तसे सचिव गुणवंतराव पाळीवरून लगबगीनं आले. गुणवंतराव त्यांच्यातलेच, पण दहावी झालेले आणि पँट घालणारे, म्हणून कागदपत्रं त्यांच्याकडे.

"रामाजीभाऊ, ठेक्याचा अर्ज यंदा हातानं घेत नाई म्हनते. कम्प्युटरवरूनच टाका लागते. उद्याची शेवटची तारीख हाये."

"उद्या? अन् तुमी आज सांगून राह्यले?"

"मले तरी कुठी मालूम होतं? हापिसात गेलो तवा समजलं. अन् आयका, राजुऱ्याकडच्या एका ठेकेदारानं आपल्या तलावावर अर्ज टाकला म्हनते. आपला नाई गेला तर तलाव त्याचा."

कोलूनं खांद्यावरचं ओलं जाळं खाली ठेवलं. तलाव गेला तर ढिवरानं करायचं काय, याचं उत्तर तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं: दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायचं, नाहीतर तेलंगणात मिरची तोडायला.

"माही सून जाईन," रामाजी म्हणाला. "तिनं कम्प्युटरचा कोर्स केला हाये."

केला होता, लग्नाआधी. त्यानंतर तिचा हात चूल, टोपलं आणि माशाच्या खवल्यांतच गेला होता. पण संस्थेच्या सभासदांची यादी तिनंच ग्रामपंचायतीच्या कम्प्युटरवर बसून टाइप केली होती आणि पेन ड्राइव्ह कमरेच्या पिशवीत सांभाळून ठेवला होता. त्या यादीत प्रवीणचं नाव टाइप करताना तिला कसंतरी झालं होतं. तोंडानं तिनं ते कधी घेतलं नव्हतं. लिहिताना मात्र पूर्ण लिहावं लागलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं चिमूरला गेली. रामाजीनं अंगाला दोनदा साबण लावला होता, ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. तरी विक्कीच्या सेवा केंद्रात बाकावर बसल्याबरोबर शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून पलीकडे सरकला. रामाजी उठून दाराशी उन्हात जाऊन उभा राहिला. रंजीतानं ते पाहिलं.

विक्की बोलायला फटकळ पण माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढे दाखल्यांच्या पोरांची ही गर्दी.

"ताई, मले टाइम नाई. तो दुसरा कम्प्युटर रिकामा हाये. तुमाले येते ना? मंग करा. अडलं त आवाज द्या. माऊस थोडा बिघडला हाये, दाबून धरजा."

ती बसली. संस्थेचं नाव, नोंदणी, तलावाचा गट नंबर, सगळं एकेका बोटानं भरत गेली. गुणवंतराव मागे उभे राहून कागद वाचून सांगत होते. मग पडद्यावर एक तुटक रेघांची चौकट आली आणि आत लिहिलं होतं, फाइल येथे आणून सोडा. तिनं ठरावाच्या फाइलवर माऊस दाबला आणि ती चौकटीकडे सरकवत नेली. हात घामानं ओला. चौकट जवळ आली आणि बिघडलेलं बटण मध्येच सुटलं. फाइल चौकटीबाहेर पडली, आणि अर्ज जाऊन त्या जागी सगळ्या पडद्यावर ठरावाचाच कागद उघडला.

"हे काय झालं वो?" गुणवंतराव म्हणाले.

तिनं मागे जायचं बटण दाबलं. अर्ज आला, पण कोरा. भरलेलं एक अक्षर उरलं नव्हतं.

"आत्ताच त भरलं होतं!"

"पुन्हा भरते," रंजीता म्हणाली. तिचे कान तापले होते. मागच्या रांगेतलं एक पोरगं हसलं.

तिनं पुन्हा भरलं. या खेपेला फाइल ओढत नेण्याच्या फंदात ती पडली नाही. चौकटीच्या खालचं फाइल निवडा हे बटण दाबून तिनं एकेक कागद घेतला. ठराव जाईना, फाइल मोठी आहे म्हणे. विक्कीनं रंगीत स्कॅन केलं होतं. त्यानं कुरकुरत काळं-पांढरं करून दिलं, तर त्यात संस्थेचा निळा शिक्का पुसट झाला आणि गुणवंतराव म्हणाले, बिनशिक्क्याचा ठराव कोण घेते? पुन्हा रंगीत, पण बारीक. गेला. तलावाचा नकाशा जाईना. साईज बरोबर, प्रकार बरोबर, तरी लाल अक्षरं. तिनं नकाशाच्या फाइलचं नाव बघितलं. तिनंच हौसेनं मराठीत दिलेलं, पुढं कंस, कंसात गावाचं नाव. ते खोडून तिनं नुसतं इंग्रजीत मॅप लिहिलं. गेला.

दुपार झाली. कूलरमधलं पाणी संपून नुसती गरम हवा येऊ लागली. रामाजी दाराच्या चौकटीला टेकून पायरीवर बसला होता. दर थोड्या वेळानं तो आत बघे आणि विचारी, "गेलं का बाई?" ती मान हलवी, "जाऊन राह्यलं मामाजी."

उरली होती सभासदांची यादी. पेन ड्राइव्हवरची यादी उघडली तर वर पिवळी पट्टी: फक्त वाचण्यासाठी. लिहिलेलं दिसे, पण साठवलं जाईना. तिनं ती दुसऱ्या नावानं कम्प्युटरवर उतरवली, साईटच्या रकान्यांप्रमाणे नावं एकेक करून बसवली, प्रत्येकापुढे आधार क्रमांक टाकला. दोन नावांपुढे जुन्या यादीत होती तशी आडवी रेघ ठेवली. चढवली. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि मग सगळी यादी पडद्यावर आली. त्यात दोन ओळी लाल होत्या.

इतवारी लहानू नागापुरे. प्रवीण रामाजी मारबते.

"क्रमांक नाई म्हनते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"मंग टाक ना. प्रवीणचं कार्ड असंन तुह्याजवळ," गुणवंतराव म्हणाले.

होतं. पेन ड्राइव्हच्याच पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मरण नोंदवलं त्या दिवशी ते परत मिळालं तेव्हापासून ती ते बरोबर बाळगत होती. तिनं क्रमांक टाइप केला. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिला वाटलं की हे होऊन जाईल, यंत्राला काय कळतंय. पट्टी पुन्हा सरकली. ओळ लालच राहिली आणि खाली आलं, हा क्रमांक बंद आहे.

विक्की मागून येऊन वाकला. "हे दोघं मेले काय?"

गुणवंतरावांनी मान डोलावली.

"अरे, मंग यादीत काऊन ठेवले? काढून टाका. मेलेला मानूस सभासद कसा राहीन? अर्जच नाई जाणार असा."

"त्याह्यच्या जागी आमची नावं टाकली तर?" रंजीता म्हणाली. "माह्यं अन् कांताकाकीचं. आमचे नंबर चालू हायेत."

"चालन. पन ठराव लागते. तुमच्या ठरावात तुमची नावं कुठी हायेत? नंतर करा, दुरुस्ती करता येते. ठराव जोडायचा अन् नवी यादी चढवायची."

तिनं गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतराव कागद चाळत म्हणाले, "बाईचं नाव संस्थेत कसं टाकतेस वो? जाळ्याले हात नाई लावत, डोंग्यात बसत नाई. अन् सभा आज कुठी घेऊ? चार वाजून गेले. आता काढून टाक, मंग पाहू काय ते. तलाव त वाचू दे."

पायरीवरचा रामाजी उठून आत आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं. तो पडद्यापाशी आला, रांगेतला एक माणूस नाकाला रुमाल लावून सरकला, पण या वेळी रामाजीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कोणची ओळ पोराची?" त्यानं विचारलं.

तिनं बोट दाखवलं. रामाजीनं आपलं जाडं, जाळ्यानं कापलेलं बोट त्या ओळीवर टेकवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश फिरवलं. काचेवर ओलसर रेघ उमटली.

"काढ," तो म्हणाला.

"मामाजी..."

"सगळ्याहीच्या पोटाचं हाये बाई. काढ."

रंजीतानं ती ओळ निवडली. ओळ निळी झाली. तिनं बटण दाबलं आणि प्रवीण गेला. तिला वाटलं होतं, तिथे निदान रिकामी जागा तरी दिसेल. पण खालची नावं झटकन एकेक घर वर सरकली, अनुक्रमांकही आपोआप बदलले आणि तिथे कधी कोणी होतं असं वाटायलाही जागा राहिली नाही. मग तिनं इतवारीला काढलं. कांताला न विचारता काढतोय हे तिला कळत होतं, आणि ते तिला फार लागलं. यादी चढली. हिरवी खूण आली. गुणवंतरावांनी हात जोडले आणि विक्कीनं पावती छापून दिली.

घरी सासूनं, कमळानं, दोघांचे चेहरे बघितले. रामाजीनं सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही. बराच वेळ लाकूड आत सारत राहिली आणि मग म्हणाली, "वीज पडली तवा देवानं नेला होता. आता तुमी काऊन नेला?"

पुढं कितीतरी दिवस कमळा नवऱ्याला ताट वाढी आणि बोलत नसे. सुनेशी बोले, पण कामापुरतं.

तलाव संस्थेलाच मिळाला. गावात पेढे वाटले. पाऊस लागला, तलाव भरला, माशांचं बीज सोडलं आणि मासेमारी थांबली. रंजीता आणि कांता रोवणीला जाऊ लागल्या. दिवसभर चिखलात वाकून कांताची कंबर सरळ होईना. बांधावर बसून ती दोन्ही मुठींनी आपल्याच पाठीवर मारून घेई आणि हसे. "एकदाचं जाळं लागू दे बाई. आपला वाटा आला का मी काई रोवनीले येत नाई." रंजीतानं दोनदा सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि दोनदा पेंढी हातात घेऊन पुढं सरकली. गुणवंतरावांना तिनं मात्र तीनचारदा विचारलं, सभा कधी घेता? "होईन वो, घाई काय हाये," हे एकच उत्तर. अर्जाच्या दिवशी केवढी घाई होती ती त्यांची त्यांनाच आठवत नसावी.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि पहिलं जाळं लागलं. मासा चांगला धरला होता. पिंपळाखाली प्लास्टिक अंथरून ढीग मांडले गेले. गुणवंतराव हातात छापील यादी घेऊन उभे होते. आता नावं ते वाचणार होते.

"यंदापासून यादीपरमानं," ते म्हणाले. "साहेब तपासाले येते. यादीबाहेरच्याले वाटा देल्ला तर ठेका दुसऱ्याले चालवाले देल्ला असं धरतीन."

एकेक नाव झालं, एकेक ढीग उचलला गेला. प्लास्टिक मोकळं होत गेलं. शेवटी एकच ढीग उरला, तो रामाजीचा. कांता टोपली कमरेला लावून उभीच होती.

"माहा राह्यला गा भाऊ," ती म्हणाली. कोणी बोलेना. तिला वाटलं ऐकू गेलं नाही. "इतवारीचा राह्यला."

"मावशी, ते नाव निंघालं यादीतून," गुणवंतराव कागदात बघत म्हणाले. "मेल्या मानसाचं चालत नाई आता."

कांताला समजायला वेळ लागला. मग तिनं टोपली खाली ठेवली, पुन्हा उचलली. ती टोपली कुठे ठेवायची तेच तिला कळेना. कोलूनं मान वळवून आपल्या ढिगातली दोन रोहू तिच्या पायाशी टाकली. कांता ती उचलायला वाकली तसा रंजीतानं तिचा दंड धरला.

"राहू दे काकी. नोको उचलू." मग ती पुरुषांकडे वळली. "म्याच काढलं नाव. काकीच्या मालकाचं अन् पुनमच्या बाबाचं, दोघाहीचं. सभा घेऊ म्हनले होते तुमी."

"अवं, पन बाई जाळ्याले हात लावत नाई, त..."

"जाळ्याले नाई लावला. यादीले लावला ना? तलाव जाऊन राह्यला होता तवा बाईचा हात चालला. तवा कोनी नाई म्हनलं नाई."

गुणवंतराव सुटका करून घ्यावी तसे रामाजीकडे वळले. "भाऊ, तुमचा ढीग उचला. ऊन चढून राह्यलं."

रामाजी बसल्या जागेवरून हलला नाही. "मी मेलो असं धर," तो म्हणाला.

"काय बोलता भाऊ!"

"मस्करी नाई करून राह्यलो. धर, मेलो. माहं नाव काढलं. आता हा ढीग कोनाचा? कमळा बाई हाये, तिचा नाई. सांग, मंग कोनाचा?" त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोलू, तुह्या घरी दोन पोरीच हायेत. तू उद्या डोंग्यातून पडला तर तुही बाई इथी टोपलं घेऊन उभी राहीन. हे कांता उभी हाये ना, तशी. पोराचं नाव मी काढ म्हनलो. पोटासाठी म्हनलो. पन मले वाटलं, मानसं आपली हायेत, महिन्याभरात सभा घेतीन."

कोलूची बायको काठावर उभी होती, ती नवऱ्याकडे टक लावून बघत होती. कोलूनं आपला ढीग सगळाच उचलला आणि पुन्हा प्लास्टिकवर ओतला. त्याच्या मागून दुसऱ्यानं ओतला. मग एकेकानं टोपल्या रिकाम्या केल्या आणि पिंपळाखाली मासळीची पुन्हा एकच रास झाली.

"नव्यानं वाटे घाला भाऊ," कोलू म्हणाला. "दोन जास्तीचे."

"आधी नाव," रंजीता म्हणाली. "मासे आज देसान, पुढच्या जाळ्याले कोन देईन? मले नाव पायजे. काकीचं बी."

गुणवंतरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीच नाही म्हणेना. त्यांनी खिशातून पेन काढला, यादीची मागची कोरी बाजू गुडघ्यावर घेतली आणि खाली बसले. ठराव लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही. सह्या झाल्या, पेनच्याच शाईनं बोटं माखून अंगठे झाले. रामाजीनं सगळ्यांत आधी लावला.

"सांग," गुणवंतराव म्हणाले. "नाव पूरं सांग. अन् आधार नंबर."

रंजीतानं नाव सांगितलं, आणि मधलं नाव सांगायची वेळ आली तेव्हा ती थांबली नाही. "रंजीता प्रवीण मारबते." कमळानं काठावरून एकदम वर बघितलं. मग रंजीतानं क्रमांक सांगितला, पाठ होता, एकेक आकडा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मावशी, तुहा?"

कांताचा चेहरा पडला. "मले कुठी पाठ हाये गा? कार्ड घरी हाये, पेटीत."

"मंग जा, घेऊन ये."

"वाटे घाला तोवर. मी येतेच..."

"तू ये आधी," रामाजी म्हणाला.

कांता निघाली. पाळीवरून तिला धड पळता येत नव्हतं. कंबरेवर हात ठेवून, लुगडं एका हातानं वर धरून ती घराकडे भरभर चालत होती, आणि दर चार पावलांवर मागे वळून बघत होती. माशांवर माश्या बसू लागल्या होत्या. कोलूनं ओलं पोतं राशीवर टाकलं. मग सगळे, पुरुष आणि बायका, आपापल्या रिकाम्या टोपल्या पुढ्यात घेऊन तिची वाट बघत बसून राहिले.